नागपूरची वाट आणि पांढऱ्या कपड्यांची घडी

अशोक विजयादशमी आठ दिवसांवर आली की आमच्या कल्याणच्या चाळीचे रूप पालटते. एरवी गॅलरीतल्या दोऱ्यांवर सतरा रंगांचे कपडे वाळत असतात. त्या आठवड्यात मात्र दोऱ्या पांढऱ्याशुभ्र दिसू लागतात. कुणाकडे साड्यांना नीळ दिली जाते, कुणाकडे साबुदाण्याची खळ शिजते, आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर गाठोड्यांचा ढीग लागतो. नळावर भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "तुमची गाडी कोणती?" नागपूरला जायचे, हे गृहीतच असते.

मुंबई ते नागपूर हा लोहमार्ग सव्वाआठशे किलोमीटरहून अधिक लांबीचा. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, मग नाशिकरोड, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे करीत गाडी नागपूरला लागते. एक रात्र डब्यात जाते. जागा मिळाली नाही तर आपण दाराशी बसून, उभ्याने, कशीही रात्र काढतो आणि सकाळी तोंडावर पाणी मारून ताजे होतो. पण पिशवीतल्या पांढऱ्या कपड्यांची रात्र कशी गेली, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आम्हीही केला नव्हता. त्याची शिक्षा आम्हांला २००६ साली मिळाली. ती हकीकत आणि तिच्यातून आम्ही जे शिकलो ते आज वाचक बंधू-भगिनींना सांगावयाचे आहे.

त्या वर्षी धम्मदीक्षेला ५० वर्षे पूर्ण होत होती. आमचे लग्न नुकतेच झालेले. आईला आणि आमच्या पत्नीला नव्या पांढऱ्या सुती साड्या घेतल्या, आम्हांला सदरा-लेंगा शिवला. इस्त्रीवाल्याकडून कपडे आले ते गरम गरमच वर्तमानपत्रात गुंडाळून रेक्झिनच्या बॅगेत ठेवले. वर शिदोरीचा डबा ठेवला. त्यात चपात्या, ठेचा आणि आंब्याचे लोणचे. डबा जनरलचा. रात्री डोक्याखाली घ्यायला काही नव्हते म्हणून तीच बॅग उशाला घेऊन आम्ही मनमाडपासून बडनेऱ्यापर्यंत झोपलो. मोठ्या हुशारीने काम केले असे वाटत होते.

नागपूरला सकाळी बॅग उघडली. आईच्या साडीवर वर्तमानपत्राची काळी अक्षरे उलटी उमटली होती. पत्नीच्या साडीच्या पदरावर लोणच्याच्या तेलाचा आणि हळदीचा हाताएवढा डाग पडला होता. आमच्या सदऱ्याला तर इतक्या सुरकुत्या, की जणू कोणी तो पिळून ठेवला असावा. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही पुरुषी थाटात बोलून गेलो, "चला आता. एवढ्या लाखांच्या गर्दीत कोणाला दिसतंय?"

आई म्हणाली, "मला दिसतंय ना."

एवढेच बोलून ती दोन्ही साड्या घेऊन रस्त्याकडेच्या नळाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला. आम्ही घाबरलो. शेजारी यवतमाळकडची एक म्हातारी कपडे धूत होती. ती हसून म्हणाली, "उनात टाक ना बाई. हयद उनाले भेते." साबणातल्या क्षारामुळे हळद लाल होते आणि कडक उन्हात तिचा रंग उडतो, हे आम्हांला पुढे कळले, त्या दिवशी आम्ही केवळ म्हातारीच्या शब्दावर विश्वास ठेवला. दोन टोके आईने धरली, दोन आम्ही, आणि साडी ताणून उन्हात उभे राहिलो. तास-दोन तासांत साडी खडखडीत वाळली, लाली गेली, डाग पुष्कळ फिका झाला. आणि ताणून धरल्यामुळे सुरकुत्याही मोडल्या. छापील अक्षरे मात्र गेली नाहीत. आईने तेवढा भाग निऱ्यांच्या आत घेतला, आणि मगच दीक्षाभूमीची वाट धरली.

वाटेत, सीताबर्डीच्या गर्दीतून चालताना, तिने आम्हांला तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आमचे आजोळ मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातले. १९५६ साली आई सहा वर्षांची होती. गावात आपल्या लोकांच्या वाट्याला दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले कपडे यायचे. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कापड हा तर आपला 'हक्क' म्हणून सांगितला जायचा. गावचा परीट आपले कपडे घेत नसे. अशा घरातल्या आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबरच्या दीक्षेला जाण्यासाठी पांढरे धोतर आणि सदरा केला. आजीने तो सोडा लावून धुतला. इस्त्री कोठली? आजोबांनी ओलसर असतानाच त्याची घडी घातली, ती वाकळेच्या पदरात ठेवली आणि रात्रभर तिच्यावर झोपले. सकाळी घडी अशी बसली होती की जणू दुकानातून आणली. प्रवासात ते जुन्या कपड्यांत गेले. नव्या कपड्यांचे गाठोडे गाडीत खाली ठेवले नाही, मांडीवर धरले. नागपूरला अंघोळ केली आणि तेव्हाच गाठोडे सोडले.

"माझ्या बापानं ज्या दिवसासाठी ते कापड मांडीवर नेलं, त्या दिवसाला मी लोणच्याचा डाग घेऊन जाऊ का?" असे आई म्हणाली. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पाली ग्रंथांत गृहस्थ उपासकांचा उल्लेख पांढरी वस्त्रे नेसणारे असा येतो. बाबासाहेबांनीही दीक्षेच्या दिवशी पांढरे धोतर आणि पांढरा कोट घातला होता. त्याच्या किती तरी आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, त्यांनी आपल्या आयाबहिणींना नेसण्या-राहण्याविषयी मुद्दाम वेगळे भाषण करून सांगितले. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असले पाहिजे, असा त्याचा आशय होता. हे ज्यांच्या घरात पोहोचले त्यांना कपड्याची घडी ही किरकोळ बाब वाटत नाही.

असो. त्या सालापासून आमच्या घरी नागपूरचे सामान बांधण्याची एक रीत पडली आहे. आम्ही कारकून माणूस. ऑफिसात कागद आधी सरळ करून मग फाईलला लावतो, तसेच हे काम आहे. त्यात पैसा लागत नाही, थोडे लक्ष लागते.

पहिली गोष्ट इस्त्रीची. सुती धागा पाणी आणि उष्णता लागली की मऊ होतो, आणि थंड होताना ज्या आकारात असेल तोच आकार धरून बसतो. इस्त्रीने कापड सरळ होते ते यामुळेच. आणि गरम, किंचित दमट कापड बॅगेत कोंबले तर सुरकुती पक्की बसते तीही यामुळेच. म्हणून आम्ही इस्त्री निघायच्या आदल्या दिवशी करून घेतो आणि कपडे रात्रभर दोरीवर किंवा हँगरवर मोकळे ठेवतो. पूर्ण थंड आणि कोरडे झाल्यावरच घडी. साडीला खळ द्यायची तर पातळ द्यावी. जाड खळीची साडी घरी छान दिसते, परंतु प्रवासात तिच्या घडीच्या रेघा सुरीने कापल्यासारख्या उठतात आणि जात नाहीत. नवा सदरा शिवणाऱ्यांनी सुती आणि पॉलिस्टर मिसळलेले टेरिकॉट घेतले तर त्रास निम्मा होतो. पॉलिस्टरचा धागा पाणी फारसे पीत नाही, म्हणून तो चुरगळतही कमी. मात्र त्याला इस्त्री कोमट हवी, नाही तर कापड चिकटते.

दुसरी गोष्ट घडीची. सदऱ्याची गळ्याची, मधली आणि शेवटची गुंडी लावावी. पालथा घालून दोन्ही बाजू पाठीवर घ्याव्यात, बाह्या सरळ खाली सोडाव्यात. मग आडवी घडी छातीवर येऊ देऊ नये. ती पोटाच्या खाली यावी, म्हणजे पडलीच रेघ तर समोर दिसत नाही. कॉलरच्या आत गुंडाळलेला हातरुमाल ठेवला की कॉलर बसत नाही. पँट तिच्या इस्त्रीच्या रेघेवर धरून लांब ठेवावी. कोट असेल तर तो उलटा करून एक खांदा दुसऱ्या खांद्यात बसवावा. अस्तर बाहेर आले की धूळही अस्तरालाच लागते.

साडीची घडी घालताना आमच्या पत्नी दोन थरांत एक जुनी, धुऊन मऊ झालेली पांढरी ओढणी ठेवतात. त्यामुळे घडीचा कोपरा गोल राहतो, धारदार होत नाही. ब्लाऊज साडीच्या पोटात आणि सगळ्यांवरून परकर गुंडाळलेला. सुटी साडी शोधावी लागत नाही, एकेका बाईचा एकेक संच हाताशी येतो. मुलांच्या फ्रॉक-सदऱ्यांचाही असाच संच करावा.

तिसरी गोष्ट बॅगेची. कपड्यांना वर्तमानपत्र लावू नये, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने हात जोडून सांगतो. छापील शाई पांढऱ्या कापडाला लागली की सुटत नाही. स्वच्छ ओढणी, जुने धोतर किंवा मांजरपाटाचा तुकडा घ्यावा. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला कापड अंथरल्याशिवाय काही ठेवू नये. गंजाचा तांबूस डाग साबणाला दाद देत नाही. बॅगेच्या मधोमध टॉवेल, बनियन अशा मऊ कपड्यांची गुंडाळी ठेवावी आणि सदरे, साड्या तिच्याभोवती वळवून घ्याव्यात. कापड वळले की सुरकुती कमी पडते, दुमडले की जास्त पडते, एवढेच त्यातले तत्त्व. बॅग ठासून भरू नये आणि अर्धी रिकामीही ठेवू नये. ठासून भरली तर घडी दाबली जाते, रिकामी राहिली तर गाडीच्या हिसक्यांनी कपडे सरकून त्यांचा बोळा होतो. चपला, पाण्याची बाटली अशा जड वस्तू जी बाजू खाली उभी राहते तिकडे. आणि नागपूरला प्रथम जे अंगावर घालायचे ते सर्वांत वर.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिदोरीची पिशवी वेगळी! तेल, हळद आणि पांढरे कापड यांची गाठ पडू देऊ नये. शेगावला गाडी थांबली की गरम कचोरीचा वास येतो आणि मुले हट्ट धरतात. जरूर घ्यावी, पण हात पुसल्याशिवाय कोणीही कपड्यांच्या बॅगेला शिवायचे नाही, असा आमच्या घरचा कडक नियम आहे. तेलाचा थेंब पडलाच तर पाणी लावू नये. त्यावर पावडर किंवा कोरडे बेसन दाबून ठेवावे, ते तेल शोषून घेते, मग झटकून साबण लावावा.

प्रवासात अंगावर गडद, जुने कपडे असावेत. कपड्यांची बॅग उशाला घेऊ नये आणि खाली, ओल्या जमिनीवरही ठेवू नये. वरच्या बाकावर, भिंतीला टेकून उभी ठेवावी. जनरल डब्यात तेवढी जागा मिळत नाही, हे आम्ही जाणतो. अशा वेळी आम्ही आजोबांची रीत पाळतो. घरातले आळीपाळीने बॅग मांडीवर घेतात. भुसावळपर्यंत आमची पाळी, पुढे मुलाची.

नागपूरला पोहोचल्यावर आम्ही इंदोऱ्यातल्या नातेवाइकांकडे उतरतो. तेथे गेल्याबरोबर, चहाच्याही आधी, कपडे बॅगेतून काढून टांगायचे. सुरकुती दिसली तर ओंजळभर पाणी शिंपडून तळहाताने कापड सरळ करायचे आणि वाऱ्याला सोडायचे. आपल्या वजनाने ते सुटते. ज्यांना मैदानावरच उतरावे लागते, त्यांनी तंबूच्या दोरीवर हेच करावे. वीज नाही, इस्त्री नाही, म्हणून अडत नाही. सपाट बुडाच्या तांब्यात किंवा स्टीलच्या डब्यात चहाच्या टपरीवरून उकळते पाणी घ्यावे, बूड कोरडे पुसावे, हात भाजू नये म्हणून फडके धरावे आणि सदऱ्यावरून फिरवावे. आमच्या आयांच्या पिढीने तांब्यात निखारे घालून हेच केले आहे.

एवढी तयारी करून दीक्षाभूमीवर पाऊल ठेवले की वाटेचा शीण जातो. १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालेला तो भव्य स्तूप, त्याचा पांढरा घुमट, आत बाबासाहेबांच्या अस्थी, आवारात श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेल्या रोपाचा बोधिवृक्ष, बाहेर पुस्तकांच्या दुकानांची रांग. आणि नजर जाईल तिकडे पांढरी वस्त्रे. घुमट कुठे संपतो आणि माणसे कुठे सुरू होतात ते दुरून कळत नाही.

तेथेच आम्हांला आणखी एक धडा मिळाला, तोही सांगितला पाहिजे. एका वर्षी आमच्या पुढे रांगेत मराठवाड्यातल्या एका खेड्याची मंडळी होती. ट्रकमधून रात्रभर बसून आलेली. बायकांच्या साड्या चुरगळलेल्या, एकीच्या साडीला तर दोन ठिकाणी ठिगळ. आमच्या मनात क्षणभर, कबूल करतो, आमच्या इस्त्रीच्या सदऱ्याचा तोरा आला. इतक्यात त्या ठिगळाच्या साडीतल्या बाईने पिशवीतून नीट कागदात बांधलेली पुस्तके काढून पुन्हा मोजली, पाच होती. मजुरीतून घेतलेली. तिची साडी धुतलेली होती, ठिगळ सफाईने शिवलेले होते आणि चालणे ताठ होते. आमचा तोरा तेथेच उतरला. स्वच्छतेचा आणि काळजीचा धडा बाबासाहेबांनी दिला; इस्त्रीवरून माणूस मोजायला त्यांनी सांगितले नाही. आपली घडी आपण स्वतःसाठी घालावी, दुसऱ्याच्या सुरकुत्या मोजण्यासाठी घालू नये.

एका खेपेस आईला घेऊन आम्ही नागपूरजवळच्या चिचोलीला गेलो. तेथील शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. त्यांत त्यांचे कपडे आहेत, टोप्या आहेत, टंकलेखन यंत्र आहे. कोटासमोर आई बराच वेळ उभी राहिली. ज्या समाजाला चांगले कापड अंगावर घालू देत नव्हते, त्याचा माणूस कोट-टायमध्ये जगाच्या परिषदांत बसला, आणि आज त्याच्या कापडाचा धागा न् धागा जपावा असे लोकांना वाटते. जुन्या कापडाचे एक गणित आहे. ते वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले तर त्या रेघेवर विरते आणि फाटते. म्हणून वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रे घडीत मऊ गुंडाळी घालून किंवा नळीवर गुंडाळून ठेवतात. आपल्या घरीही आजीची, आईची साडी असेल तर ती दर दोन-तीन महिन्यांनी उलगडावी, वारा द्यावा आणि वेगळ्या ठिकाणी घडी घालावी.

आता आईचे वय पंचाहत्तर. गुडघ्यांमुळे गेल्या वर्षी तिला नागपूरला येता आले नाही. निघायच्या आदल्या रात्री ती पलंगावर बसून आमच्या बांधाबांधीवर देखरेख करीत होती. आमची मुलगी कॉलेजात जाते. ती म्हणाली, "आजी, एवढं कशाला? सुरकुत्या पडल्या तर पडल्या. तिथे लोक विचार ऐकायला जातात, कपडे बघायला नाही."

मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही काही बोलणार, तोच आईने पेटीतून आपली ती २००६ ची साडी काढायला लावली. निऱ्यांच्या जागी अजूनही पुसट उलटी अक्षरे दिसतात. आईने ती दाखवून सगळी हकीकत सांगितली, आजोबांच्या वाकळेपर्यंत. मुलगी ऐकत राहिली. मग तिने आपला पांढरा ड्रेस, जो तिने आधी पिशवीत कोंबला होता, बाहेर काढला, आणि आजीसमोर बसून म्हणाली, "ही साडी मी नेसून जाऊ का?"

आईने होकार दिला, पण घडी स्वतः घातली. दोन थरांत ओढणी ठेवली, कोपऱ्यावरून बोट फिरवून पाहिले आणि संच नातीच्या हातात दिला. त्या रात्री कल्याणहून गाडी सुटली तेव्हा आम्ही बॅग घेण्यासाठी हात पुढे केला. मुलीने ती दिली नाही. भुसावळ आले, अकोला आले, मूर्तिजापूर मागे गेले. बॅग तिच्या मांडीवरच होती.

यंदा जे बंधू-भगिनी नागपूरच्या वाटेला लागतील, त्यांनी शिदोरीची पिशवी वेगळी बांधावी, एवढी विनंती.

जय भीम!